पसायदान अजून मिळालेलं नाही

मराठी मुलखात बहुधा सर्वांत जास्त तोंडांनी म्हटलेली प्रार्थना अजून फळाला आलेली नाही. शके 1212 मध्ये, म्हणजे इसवी सन 1290 मध्ये, नेवाशाला ज्ञानेश्वरी पुरी झाली आणि तिच्या शेवटी ज्ञानदेवांनी पसायदान मागितलं. दुष्टांचा दुष्टपणा जावा, जीवाजीवांत मैत्री व्हावी, ज्याला जे हवं ते त्याला मिळावं, असं ते मागणं. पुढे सहाच वर्षांनी, 1296 मध्ये, अलाउद्दीन खिलजीची फौज देवगिरीवर येऊन आदळली. ज्या रामदेवरावाच्या राज्याचा उल्लेख ज्ञानेश्वरीच्या अखेरीस येतो, त्याच राजाला खंडणी भरून तह करावा लागला. त्याच वर्षी ज्ञानदेवांनी आळंदीला समाधी घेतली. त्यानंतर शतकभरानं दुर्गादेवीच्या दुष्काळानं दख्खन ओसाड केली. आज सात शतकं उलटून गेली. दुष्टांचा दुष्टपणा गेलेला नाही, आणि ज्याला जे हवं ते मिळण्याची गोष्ट तर विचारायलाच नको. तरीही कीर्तनाच्या अखेरीस, हरिपाठानंतर, शाळेच्या परिपाठात ही प्रार्थना म्हटली जाते. म्हणणाऱ्या कुणालाही आपण फसवले गेलो आहोत असं वाटत नाही.

पसायदानाच्या शेवटच्या ओवीकडे आपलं सहसा लक्ष जात नाही. मागणं संपतं, समोरून ‘हे होईल’ असा शब्द मिळतो आणि तेवढ्यावर ज्ञानदेव सुखावतात. जगात अजून काहीच बदललेलं नाही, पण मागणारा मात्र त्याच घटकेला सुखी झालेला आहे. हे सुख कुठून आलं? उत्तर न आलेल्या प्रार्थनेविषयी आपल्याकडे दोन सल्ले हातासरशी दिले जातात. एक असा, की देव उशिरा का होईना देतोच, धीर धरा. दुसरा असा, की मुळात मागणंच चूक. इच्छा सोडली की दुःख सुटतं. पहिला सल्ला अनुभवापुढे टिकत नाही आणि दुसरा माणसाच्या स्वभावापुढे. संतांच्या रचना आणि वारकऱ्यांचं आचरण नीट पाहिलं तर तिसरीच वाट दिसते. तिथे मागणं सोडलेलं नाही आणि ते पुरं होण्याची हमीही कुणी देत नाही. तिथे वाट पाहणाऱ्याला तीन गोष्टी मिळतात : देवाशी भांडायचा हक्क, वाट पाहायला सोबत आणि मोकळे हात. श्रद्धेतून मिळणारी शांती या तिहींमधून येते, असं माझं म्हणणं आहे. यांतली तिसरी गोष्ट नसेल तर जी मिळते ती गुंगी असते.

आधी हिशेब स्वच्छ करून घेऊ. प्रार्थनेनं मागितलेली वस्तू मिळते का, हा प्रश्न लोकांनी मोजमाप करूनही पाहिला आहे. 1872 मध्ये फ्रान्सिस गॉल्टन या इंग्रज शास्त्रज्ञानं एक साधा युक्तिवाद केला. इंग्लंडच्या चर्चांमधून राजाच्या दीर्घायुष्यासाठी नेमानं प्रार्थना होते; तिचा गुण येत असेल तर राजघराण्यातली माणसं इतरांपेक्षा जास्त जगायला हवीत. आकडे उलटे निघाले. सुखवस्तू वर्गांच्या तुलनेत राजघराण्यातल्या माणसांचंच सरासरी आयुर्मान सर्वांत कमी होतं. पुढे 2006 मध्ये हर्बर्ट बेन्सन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी अमेरिकेतल्या सहा रुग्णालयांमधल्या 1802 बायपास रुग्णांचा अभ्यास प्रसिद्ध केला. ‘तुमच्यासाठी प्रार्थना होईल किंवा होणार नाही’ असं सांगितलेल्यांपैकी ज्यांच्यासाठी ती झाली त्यांच्यातल्या 52 टक्क्यांना आणि ज्यांच्यासाठी झाली नाही त्यांच्यातल्या 51 टक्क्यांना शस्त्रक्रियेनंतर गुंतागुंत झाली. ज्यांना ‘तुमच्यासाठी नक्की प्रार्थना होते आहे’ असं कळवलं होतं त्यांच्यात हे प्रमाण 59 टक्के निघालं. भाविक यावर म्हणतील की देवाची परीक्षा घ्यायची नसते. हे म्हणणं मला मान्य आहे. पण मग मापाचा काटा दोन्हीकडे तोच ठेवला पाहिजे. प्रार्थना फसल्याचा पुरावा आकड्यांतून निघत नसेल, तर ती फळल्याचा पुरावाही एखाद्या बरं झालेल्या रुग्णातून निघत नाही. बरी झालेली माणसं देवळात पेढे घेऊन येतात. न आलेल्यांची मोजदाद कुणी करत नाही.

प्रार्थनेला सौद्याचं रूप आलं की तिचं काय होतं, हे नवसाच्या इतिहासात दिसतं. ‘मूल होऊ दे, मग पहिलं तुला वाहीन’ असा नवस खंडोबाला बोलला जाई आणि वाहिलेला मुलगा वाघ्या व मुलगी मुरळी होई. मागणारा एक, देणारा दुसरा, आणि किंमत मोजणारं लेकरू तिसरंच. ज्या मुलीला सौदा ठरला तेव्हा जन्मही मिळालेला नव्हता, तिनं आयुष्यभर त्याची परतफेड करायची, हा या व्यवहाराचा सर्वांत क्रूर भाग. तुकोबांनी नवसाची थट्टा केली ती उगाच नव्हे : नवसानंच मुलं होत असतील तर नवरा कशाला हवा, असा त्यांचा रोकडा सवाल होता. अर्थात नवस बोलणाऱ्या बाईला हसणं सोपं आहे. तालुक्याच्या गावाला डॉक्टर नाही, सासरी मूल न होण्याचा दोष तिच्याच माथी, आणि बोलायला दुसरं कुणी नाही, अशा वेळी देवापुढे गाऱ्हाणं घालण्याखेरीज तिच्याकडे काय उरतं? दोष तिच्या मागण्यात नाही. तिच्या मागण्याला अटींचं आणि दंडाचं स्वरूप देणाऱ्या व्यवस्थेत तो आहे. सौदा म्हटला की फसण्याची भीती आली, आणि भीती आली की शांती गेली.

*

तुकोबांकडे आता वळू, कारण उत्तर न मिळण्याचा अनुभव त्यांच्याइतका उघडपणे मराठीत क्वचितच कुणी मांडला असेल. देहूच्या मोरे घराण्यात महाजनकी होती, दुकान होतं, सावकारी होती. 1630 च्या सुमारास पडलेल्या दख्खनच्या भीषण दुष्काळात हे सगळं धुऊन गेलं. थोरली बायको अन्नावाचून गेली, मुलगा गेला, गुरंढोरं गेली, बाजारातली पत गेली. स्वतःविषयीच्या अभंगांमध्ये त्यांनी हा तपशील कुठलाही आडपडदा न ठेवता सांगितला आहे. मग ते भामचंद्र आणि भंडारा डोंगरांवर जाऊन बसू लागले, पडक्या झालेल्या विठ्ठलाच्या देवळाची डागडुजी केली, आणि परंपरा सांगते की आपल्या वाट्याची कर्जखतं इंद्रायणीत सोडून दिली. इथे गोष्ट संपली असती तर ती दुःखातून वैराग्याकडे जाणाऱ्या कुठल्याही सत्पुरुषाची गोष्ट झाली असती. पण तुकोबांचं खरं वाट पाहणं इथून पुढे सुरू होतं. आता त्यांना धनधान्य नको होतं, देव हवा होता, आणि तो येत नव्हता.

या काळातले अभंग वाचताना आजही दचकायला होतं. देवाला ते कंजूष म्हणतात, निष्ठुर म्हणतात, दिवाळखोर ठरवतात. तू आहेस की नाही याचीच आता शंका येते, माझ्यापुरता तू मेलास, इथपर्यंत ते जातात. जगाला मी तुझं थोरपण सांगत फिरलो आणि मलाच अनुभव नाही, मग मी खोटा ठरलो, ही त्यांची सर्वांत मोठी बोच आहे. गुरुदेव रा. द. रानडे यांनी 1933 मध्ये प्रसिद्ध झालेल्या महाराष्ट्रातल्या गूढवादावरच्या इंग्रजी ग्रंथात तुकोबांच्या या अवस्थेला स्वतंत्र स्थान दिलं आणि युरोपातल्या ख्रिस्ती साधकांनी वर्णिलेल्या आत्म्याच्या काळरात्रीशी तिचं नातं जोडलं. यावर कुणी म्हणेल की याच तुकोबांनी दिवाळं निघालं ते बरं झालं, दुष्काळ पडला ते बरं झालं, असंही म्हटलंय. म्हणजे शेवटी त्यांनी सगळं निमूट स्वीकारलंच. पण साडेचार हजारांच्या आसपास अभंगांच्या गाथेत हे दोन्ही सूर शेजारी शेजारी नांदतात. नंतरच्या समाधानानं आधीचं भांडण खोडून टाकलेलं नाही. वारकऱ्यांनीही ते अभंग अडचणीचे म्हणून गाळले नाहीत. पाठ केले, लिहून घेतले, कीर्तनात निरूपणाला घेतले. रागाच्या भरात देवाला मेलेला म्हणणाऱ्या माणसाला या परंपरेनं आपला कळस मानलं, ही गोष्ट विचार करण्यासारखी आहे.

हा सूर एकट्या तुकोबांचा नाही. नामदेवांच्या घरी दासी म्हणून राबणाऱ्या, मूळच्या गंगाखेडच्या जनाबाईंनी विठ्ठलाला शेलक्या शिव्या घातल्या आहेत आणि त्याच विठ्ठलाला आपल्यासोबत दळायला बसवलं आहे. ज्या घरात तिला कुणापुढे आवाज चढवायची सोय नव्हती, तिथे तिनं तो थेट पंढरीनाथापुढे चढवला. मागणाऱ्याला हा हक्क कुठून आला, याचं उत्तर पंढरपूरच्या मूळ कथेत सापडतं. पुंडलिक आईबापांच्या सेवेत गुंतलेला असताना देव दारात आला. पुंडलिकानं वीट फेकली, ‘यावर थांब’ म्हणून सांगितलं, आणि देव अठ्ठावीस युगं थांबला. भक्तानं देवाची वाट पाहावी हा सगळीकडचा रिवाज. इथे देवच भक्ताच्या सवडीची वाट पाहत कमरेवर हात ठेवून उभा आहे. ज्या नात्यात दोघेही वाट पाहतात तिथे वाट पाहणं ही शिक्षा राहत नाही. ज्याला थांबायचं दुःख ठाऊक आहे अशाच देवावर चिडता येतं. चिडण्याची मुभा असली की मागणं अपुरं राहूनही नातं तुटत नाही, आणि नातं न तुटणं हाच शांतीचा पहिला आधार आहे.

मानसशास्त्राच्या अंगानं इथे एक वजनदार आक्षेप येतो. केनेथ पार्गमेंट आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 2001 मध्ये जवळपास 600 वृद्ध, आजारी रुग्णांचा दोन वर्षांचा अभ्यास प्रसिद्ध केला. देवानं आपल्याला टाकलं, देवाचं आपल्यावर प्रेम उरलं नाही, असं वाटणाऱ्या रुग्णांमध्ये मृत्यूचा धोका काहीसा जास्त आढळला. म्हणजे देवाशी झगडणं जिवावर बेतू शकतं, मग त्याची भलावण कशाला? अभ्यास नीट पाहिला तर धोका ज्या भावनांशी जोडलेला दिसतो त्यांत टाकलं गेल्याची, एकटं पडल्याची भावना ठळक आहे. तुकोबांचा आणि जनाबाईंचा राग या भावनेच्या अगदी दुसऱ्या टोकाला आहे. ते देवाला पाठमोरे होऊन बडबडत नाहीत. समोर उभे राहून, एकेरीत, जाब विचारतात. भांडण संबोधून केलेलं आहे तोवर समोर कुणीतरी आहे हे गृहीत असतं. शिवाय ते भांडण त्यांनी मनात कुढत ठेवलं नाही. त्याला चाल लावली, टाळ लावला आणि दहा माणसांच्या तोंडी दिलं. एका माणसाची तक्रार अशी सगळ्यांची झाली की तक्रार करणारा एकटा उरत नाही. एका परक्या देशातल्या वृद्धांच्या अभ्यासावरून मराठी संतांबद्दल काही सिद्ध होतं असा माझा दावा नाही. तो अभ्यास ज्या संकटाकडे बोट दाखवतो, त्यावर या परंपरेनं पूर्वीच एक तोड काढलेली आहे, एवढंच.

*

ही तोड म्हणजे सोबत आणि नेम. वारी ही काही मागायला जायची यात्रा आहे असं बाहेरून पाहणाऱ्याला वाटतं. ज्येष्ठ वद्य सप्तमीला देहूहून आणि अष्टमीला आळंदीहून पालख्या निघतात. सुमारे अडीचशे किलोमीटर चालून आषाढी एकादशीला माणसं पंढरीत पोचतात. दर्शनाची रांग इतकी लांब असते की कितीतरी वारकरी कळसाला हात जोडून, नामदेव पायरीवर माथा टेकवून माघारी फिरतात. मागणं सांगायलाच आले असते तर इतक्या वाटचालीनंतर मूर्तीसमोर उभं न राहता त्यांना परतावंसं वाटलं नसतं. वारकऱ्याला कुणी विचारलं, की बाबा, वारीनं काय मिळालं, तर तो बहुधा पुढच्या वर्षीच्या वारीबद्दल बोलतो. नेमाची खुबी अशी की तो उत्तरावर अवलंबून नसतो. पाऊस झाला तरी वारी, ओढ दिली तरी वारी. घरात लग्न झालं तरी, मयत झाली तरी. पेरणी करून, किंवा पेरणीसाठी पावसाची वाट पाहत, घर सोडणाऱ्या शेतकऱ्याच्या मनात त्या वीस दिवसांत एक मोठी काळजी असतेच. पण ती काळजी दिंडीतल्या शंभर जणांची सारखीच असते आणि पहाटेचा काकडा, वाटेवरचे अभंग, रात्रीचं कीर्तन यांच्यामध्ये तिला ठरावीकच जागा मिळते. दुःख हटत नाही, पण ते दिवसाचे चोवीस तास व्यापू शकत नाही.

नेम आंधळा असतो आणि माणूस त्याचा गुलाम होतो, असा आक्षेप घेतला जाईल. 2020 च्या आषाढीनं त्याला उत्तर दिलं. करोनाच्या साथीत पायी वारी झाली नाही. मानाच्या पालख्यांच्या पादुका मोजक्या माणसांसह एसटीनं पंढरपूरला नेण्यात आल्या. 2021 मध्येही पादुकांना एसटीच होती. पिढ्यान्‌पिढ्या न चुकलेला नेम लाखो लोकांनी घरात बसून पाळला. थोडी कुरबूर झाली, न्यायालयापर्यंतही गोष्ट गेली, पण बहुसंख्य वारकऱ्यांनी ‘देव रक्षील’ म्हणून रस्त्यावर उतरायचा हट्ट धरला नाही. विठ्ठल साथ थांबवील का, हा प्रश्न त्यांनी आपल्या श्रद्धेची अट केला नव्हता. म्हणून साथ पसरली तेव्हा श्रद्धा कोसळली नाही आणि शहाणपणही सुटलं नाही. सौद्यावर उभ्या असलेल्या श्रद्धेला अशा वेळी दोनच वाटा उरतात : एक तर देवाला सोडायचं, नाहीतर विषाणूला नाकारायचं.

*

आता सर्वांत मोठा आक्षेप. ही शांती म्हणजे सोसणाऱ्याला आणखी सोसायला लावणारं औषध तर नाही ना? या प्रश्नाला वळसा घालून चालत नाही, कारण तो अस्पृश्य मानल्या गेलेल्या, मंगळवेढ्याच्या संत चोखोबांच्या रूपानं खुद्द पंढरीच्या देवळाच्या महाद्वारासमोर उभा आहे. चोखोबांचं मागणं साधं होतं : आत येऊ दे. विटाळातूनच सगळे जन्माला येतात तर सोवळा कोण, असा बिनतोड सवाल त्यांनी केला. पत्नी सोयराबाईंनी तोच सवाल आणखी धारदार केला. मुलगा कर्ममेळा तर आम्हाला असा जन्म दिलासच का म्हणून देवावर संतापला. एकाच घरात मागणं, तर्क आणि संताप तिन्ही होते, आणि दार बंदच राहिलं. 1338 मध्ये मंगळवेढ्याला वेशीची भिंत बांधताना ती कोसळून चोखोबा गेले. नामदेवांनी त्यांच्या अस्थी आणून महाद्वारासमोर समाधी बांधली, असं परंपरा सांगते. म्हणजे मेल्यावरही जागा मिळाली ती दाराबाहेरचीच. त्यानंतर सहाशे वर्षं लोक त्या समाधीवर फुलं वाहून आत जात राहिले आणि चोखोबांचे जातभाई बाहेर थांबत राहिले.

दार उघडलं ते 1947 च्या मे महिन्यात, आणि ते माणसांनी उघडलं. साने गुरुजींनी त्यासाठी आधी महाराष्ट्रभर दौरा केला, मग 1 मे रोजी पंढरपुरात उपोषण सुरू केलं; ते 10 मे रोजी सुटलं आणि विठ्ठलाचं मंदिर अस्पृश्य मानल्या गेलेल्यांना खुलं झालं. सहा शतकं देवाकडे मागितलेली गोष्ट मुळात देवाच्या हातातली नव्हतीच. ती बडव्यांच्या, पंचांच्या, गावकऱ्यांच्या आणि सरकारच्या हातातली होती. बाबासाहेब आंबेडकरांना हे कधीच कळलं होतं. 2 मार्च 1930 ला नाशिकच्या काळाराम मंदिरासमोर सत्याग्रह सुरू झाला, कित्येक वर्षं चालला, दार उघडलं नाही. आणि 13 ऑक्टोबर 1935 ला येवल्याला बाबासाहेबांनी, आपण हिंदू म्हणून जन्मलो तरी हिंदू म्हणून मरणार नाही, असं जाहीर केलं. जातिनिर्मूलनावरच्या भाषणाबद्दल गांधीजींनी घेतलेल्या आक्षेपांना उत्तर देताना त्यांनी लिहिलं की संतांनी जातीविरुद्ध मोहीम उघडली नाही. त्यांना माणूस आणि देव यांच्या नात्याशी कर्तव्य होतं, माणसामाणसांतल्या झगड्याशी नव्हतं. ही टीका खरी आहे आणि श्रद्धेतल्या शांतीविषयी लिहिणाऱ्यानं ती पचवल्याखेरीज एक ओळही पुढे लिहू नये. पण त्याच बाबासाहेबांनी 1948 मध्ये अस्पृश्यांच्या मुळाचा शोध घेणारा आपला ग्रंथ नंदनार आणि रविदास यांच्याबरोबर चोखामेळ्याच्या स्मृतीला अर्पण केला. चोखोबांचा सवाल त्यांनी जपला. चोखोबांना थांबायला लावणारी व्यवस्था तेवढी नाकारली. या दोन्ही गोष्टी एकदम करता येतात. माझ्या मते कसोटीही हीच आहे : वाट पाहण्याचा शेवट माणसाच्या हातात असेल तर ‘श्रद्धा ठेव आणि थांब’ असं सांगायचा अधिकार कुठल्याही धर्माला नाही.

पंडिता रमाबाईंच्या घरची कहाणी हीच कसोटी दुसऱ्या बाजूनं लावून दाखवते. वडील अनंतशास्त्री डोंगरे मोठे विद्वान. बायकोला आणि मुलीला संस्कृत शिकवलं म्हणून समाजाचा रोष पत्करलेले. पुराणं सांगत कुटुंब तीर्थामागून तीर्थ हिंडलं. 1870 च्या दशकात दक्षिणेत दुष्काळ पडला तेव्हा उरलेसुरले पैसे दानधर्मात, अनुष्ठानांत, देवाला प्रसन्न करण्यात गेले. मजुरी करावी, कुणाकडे काम मागावं, हे त्या घराला शिकवलेलंच नव्हतं. वडील, आई आणि थोरली बहीण थोड्याच काळात एकामागून एक भुकेनं गेली. रमाबाईंनी पुढे आपल्या आत्मकथनात हे अतिशय संयमानं लिहून ठेवलं आहे. ही प्रार्थना उत्कटतेत कुठेच उणी नव्हती. तिनं हात बांधून टाकले होते, इथे घात झाला. याच रमाबाई 1896-97 च्या दुष्काळात मध्य प्रांतात गेल्या, उपाशी मुलींना आणि विधवांना गोळा करून घेऊन आल्या आणि दौंडजवळ केडगावला त्यांच्यासाठी मुक्ती सदन उभं केलं. त्यांनी धर्म बदलला, पण प्रार्थना सोडली नाही. केडगावात तर ती दिवसाचा कणा होती. बदलला तो प्रार्थनेनंतरचा तास. तिथे मुली विणकाम शिकत, छापखाना चालवत, शेती करत. तुकोबांनी दुष्काळानंतर कर्जखतं बुडवली, रमाबाईंनी दुष्काळात मुली वाचवल्या. दोघांनाही स्वतःच्या माणसांसाठी मागितलेलं मिळालं नव्हतं. दुसऱ्यांना देता येण्याजोगं मात्र त्यांच्या हातात होतं, आणि त्यांनी ते दिलं.

ही सीमारेषा आपल्या कायद्यानंही ओळखली आहे. डॉ. नरेंद्र दाभोलकरांनी दीर्घकाळ ज्यासाठी झगडा केला आणि 20 ऑगस्ट 2013 ला त्यांचा खून झाल्यावर जो वटहुकमाच्या रूपानं आला, तो जादूटोणाविरोधी कायदा वारी, कीर्तन, भजन, प्रदक्षिणा, हरिपाठ यांना हातही लावत नाही. कुत्रा, साप किंवा विंचू चावलेल्या माणसाला दवाखान्यात जाऊ न देता मंत्रतंत्र करत बसणं मात्र तो गुन्हा ठरवतो. प्रार्थना करा, पण तिच्या नावाखाली कुणाचे हात आणि कुणाची वाट अडवू नका, एवढाच त्याचा अर्थ. हाच नियम सत्तेलाही लावायला हवा. दर आषाढीला शासकीय महापूजेनंतर मुख्यमंत्री, कुणीही असोत, चांगला पाऊस पडू दे आणि शेतकरी सुखी होऊ दे असं साकडं विठ्ठलाला घालतात. पावसाचं ठीक आहे; तो कुणाच्याच हातात नाही. पण शेतमालाचा भाव, पीकविम्याचे पैसे, धरणातल्या पाण्याची वाटणी यांचं उत्तर ज्यांच्या सहीत आहे त्यांनी तेही देवाकडे मागितलं तर ती भक्ती म्हणता येणार नाही. ती टोलवाटोलवी ठरेल.

माणसाच्या हातात असलेलं सगळं वजा केल्यावरही खूप काही उरतं. डॉक्टरांनी हात टेकलेला आजार असतो. सगळे उपचार करूनही न होणारं मूल असतं, हरवलेला आणि न सापडलेला मुलगा असतो, अकाली गेलेला जोडीदार असतो. इथे कायदा, विज्ञान, चळवळ यांपैकी कुणाकडेही उत्तर नाही. बुद्धिवादी माणूस इथे म्हणेल की सत्य स्वीकारा आणि पुढे चला. हा सल्ला प्रामाणिक आहे आणि ज्यांना पेलतो त्यांनी तो जरूर घ्यावा. पण स्वीकार हा एका दिवसाचा निर्णय नसतो. तो रोज सकाळी नव्यानं करावा लागतो, आणि एखाद्या सकाळी तो जमत नाही. अशा सकाळी रागानं का होईना कुणाला तरी हाक मारता यावी, ती हाक मारायला शब्द तयार असावेत आणि ते शब्द आपल्याआधी शेकडो वर्षं आपल्यासारख्याच लोकांनी म्हटलेले असावेत, ही सोय श्रद्धा करते. समोर खरोखर कुणी ऐकतं का, या प्रश्नाचा निकाल मी इथे देऊ शकत नाही. तो लागेपर्यंत माणसाला जगायचं असतं, आणि जगण्याची ही रीत तपासून पाहिलेली आहे. ज्ञानदेवांचं सुख याच जातीचं असावं. मागणं मनात कुजत न राहता सगळ्यांसाठी, सगळ्यांसमोर मांडून झालं, तेव्हाच निम्मं ओझं उतरलं.

म्हणून शेवटची विनंती वाट पाहणाऱ्यांना नाही, त्यांच्या आसपासच्या माणसांना आहे. प्रार्थना फळली नाही की मागणाऱ्याचीच श्रद्धा कमी पडली असावी, त्याच्या मागच्या जन्माचं काही असावं, असं सांगणारे नातेवाईक, बुवा आणि शेजारी प्रत्येक गावात आहेत. हे बोलणं थांबवलं पाहिजे. चोखोबांची भक्ती कमी पडली म्हणून दार उघडलं नाही, असं म्हणायला वारकरी परंपरा आजवर धजावलेली नाही. मग अतिदक्षता विभागाबाहेर बसलेल्या आईला किंवा मूल नसलेल्या जोडप्याला तसं सुचवायचा अधिकार आपल्याला कुणी दिला? कीर्तनकारांनी तुकोबांचे समाधानाचे अभंग निरूपणाला घेतात तितक्याच वेळा त्यांचे भांडणाचे अभंगही घ्यावेत, म्हणजे ऐकणाऱ्यांतल्या एखाद्या दुखावलेल्या माणसाला आपला राग पाप वाटणार नाही. आणि बाकीच्यांनी, ज्याचं मागणं पुरं झालेलं नाही त्याला उपदेश करण्याआधी, त्याच्या मागण्यातलं किती आपल्याच हातात आहे हे पाहावं. ते असेल तर द्यावं. नसेल तर गप्प राहून सोबत बसावं.